अँजिओप्लास्टी योजनेतून झाली, पुढच्या गोळ्यांचं काय? : एक प्रकरण अभ्यास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण घरी निघतो तेव्हा हॉस्पिटलचं बिल शून्य असतं. जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं. त्यामुळे जी माणसं पूर्वी कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या खोलीच्या) दारापर्यंतही पोहोचत नसत, ती आज स्टेंट बसवून चालत घरी जातात. हे फार मोठं काम आहे. पण योजना मुख्यतः ॲडमिट असतानाच्या उपचारांची आहे. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं मिळतात, अकराव्या दिवशी घरच्यांना चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये उभं राहावं लागतं. हृदयाच्या रुग्णाला तर पुढची कित्येक वर्षं, बहुधा जन्मभर, रोज औषध लागतं.

मी मिरजेत एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. पुढचं प्रकरण एका कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांचा साधारण खर्च आणि आम्ही काय केलं ते जसं घडलं तसंच ठेवलं आहे.

घर

तासगाव भागातलं गाव. घरात सासरे, सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सासरे एकाहत्तर वर्षांचे; घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. हातात साडेअठरा हजार येतात, त्यातले दहा-अकरा हजार तो घरी पाठवतो. जमीन एकरभर, तीही पाण्याच्या भरवशावर. सून घरी शिवणकाम करते आणि द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगला जाते.

मे २०२५ मध्ये आबांना हृदयविकाराचा झटका आला. एका खासगी रुग्णालयात योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची पंप करण्याची ताकद तीस टक्क्यांवर आलेली दिसली. निरोगी माणसात ती पंचावन्न-साठच्या पुढे असते. म्हणजे रक्तवाहिनी मोकळी झाली होती, पण हृदयाचा स्नायू दुबळा झाला होता. अशा रुग्णाला आता मुख्यतः गोळ्याच सांभाळतात.

बिल

योजनेतली दहा दिवसांची औषधं संपल्यावर सुनेने रुग्णालयाच्याच मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली. महिन्याचं बिल साधारण ९,८०० रुपये झालं. तिने पंधरा दिवसांचंच औषध घेतलं आणि घरी आली.

ते बिल तिने माझ्यासमोर टेबलावर पसरलं, तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की जवळपास तीन चतुर्थांश पैसे फक्त तीन गोळ्यांचे होते. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची टिकाग्रेलोर. दुबळ्या हृदयासाठी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, तीही दोनदा. आणि एम्पाग्लिफ्लोझिन, जी मधुमेहाची म्हणून आली पण आता हृदय कमजोर असलेल्यांना मधुमेह नसतानाही देतात. तिन्ही मूळ कंपन्यांच्या ब्रँडच्या. ॲस्पिरिन, अटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची गोळी, पित्ताची गोळी यांचे सगळे मिळून हजारभर रुपये. उरलेले पंधराशे प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन आणि कोएन्झाइम क्यू-टेनच्या कॅप्सूलचे.

हा खर्च त्या घराने कुठून काढला, तेही लिहिते, कारण असे खर्च नेहमी याच वाटांनी भागवले जातात. पहिल्या महिन्यात बचत गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं. दुसऱ्या महिन्यात सुनेच्या कानातली फुलं आणि एक लहान साखळी बँकेत तारण ठेवली. गावातल्या मेडिकलची उधारी वेगळी. मुलीची शिकवणी बंद झाली. सुनेला स्वतःला थायरॉइडची गोळी चालू होती, तीही बंद झाली. ती गोळी महाग नसते. पण सगळं लक्ष आबांच्या औषधाकडे असताना स्वतःसाठी मेडिकलमध्ये हात पुढे करायला तिला जड जात होतं. काळजी घेणाऱ्या बायकांमध्ये हे मी इतक्या वेळा पाहते, की आता प्रत्येकीला पहिल्याच भेटीत विचारते, "तुमची स्वतःची औषधं चालू आहेत का?"

मागे उरलेल्या गोळ्या

आमच्याकडे ते आले ते पैशासाठी नाही. जून संपता संपता आबांच्या पायांना सूज आली आणि रात्री उताणं झोपलं की दम लागू लागला. आमचं रुग्णालय ओळखीचं आणि जाण्यायेण्याच्या सोयीचं म्हणून सून त्यांना घेऊन आली. फिजिशियनांनी तपासलं, लघवीच्या गोळीचा डोस वाढवला आणि विचारलं, "औषधं नियमित चालू आहेत ना?" आबा म्हणाले, "चालू हायत की."

सून गप्प होती. बाहेर आल्यावर तिने पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात टिकाग्रेलोरच्या अठरा आणि सॅक्युबिट्रिलच्या वीस गोळ्या होत्या. हिशेबाने त्या केव्हाच संपायला हव्या होत्या. आदल्या दिवशी आबांची बंडी धुवायला घेताना खिशात आणि मग उशाच्या ट्रंकेत तिला त्या सापडल्या होत्या. ती रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या त्यांच्या हातात देत होती. सकाळच्या ते तिच्यासमोर घेत. रात्रीच्या महागड्या दोन मुठीत ठेवून पाणी पीत.

मी आबांजवळ बसले. ते म्हणाले, "मॅडम, पोराचा निम्मा पगार माझ्या गोळीत जातोय. रातची ठेवली तर एका महिन्याचं औषध दोन महिनं पुरतं. माझं आता किती राहिलंय?"

यात हट्ट नव्हता आणि विसरणंही नव्हतं. घरातली सगळ्यात महाग वस्तू काटकसरीने वापरायची, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी गोळ्यांनाही लावला. पण टिकाग्रेलोरचा परिणाम बारा-चौदा तासांच्या पुढे पुरेसा टिकत नाही, म्हणूनच ती दोनदा घ्यायची असते. नवीन स्टेंट असताना ती अर्धवट घेतली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो पहिल्यापेक्षा जिवावर बेतणारा असतो. आमच्या फिजिशियनांनी त्यांना हे शांतपणे सांगितलं. "नियमित औषध घ्या" हे आबांनी पूर्वीही ऐकलं होतं. "रात्रीची गोळी चुकली तर स्टेंट बंद पडू शकतो आणि योजनेतून केलेलं सगळं वाया जाईल" हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला.

डब्यात आणखी एक पाकीट होतं. रॅमिप्रिलचं, जुनं, आबांना पूर्वी रक्तदाबासाठी चालू असलेलं. भावकीतल्या कुणीतरी सुचवलं होतं, "ती महागाची गोळी पण बीपीचीच हाय, त्यापेक्षा ही जुनी संपवा." सुदैवाने त्यांनी ती अजून सुरू केली नव्हती. सॅक्युबिट्रिल आणि रॅमिप्रिल एकत्र घेतल्या, किंवा दोन्हींमध्ये छत्तीस तासांचं अंतर ठेवलं नाही, तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असतो. पैसे वाचवायच्या धडपडीत घराघरांत असे बदल परस्पर होतात. दोन गोळ्यांचं काम सारखं दिसतं म्हणून एकीच्या जागी दुसरी चालेल, असं गृहीत धरणं फार धोक्याचं आहे.

डॉक्टरांना पैशाचं सांगणं

मी सुनेला विचारलं, की एवढं बिल येतं हे अँजिओप्लास्टी केलेल्या डॉक्टरांना सांगितलं होतं का. ती म्हणाली, "ताई, कसं सांगायचं? ऑपरेशन फुकटात करून घेतलं, आणि वर गोळ्या महाग हायत म्हणायचं? त्यांना काय वाटेल?"

हे प्रकरण लिहायला घेतलं ते या वाक्यामुळे. योजनेतून उपचार मिळाले की आपल्यावर उपकार झाले आणि आता तोंड उघडू नये, अशी भावना घट्ट बसते. उपचार हा त्यांचा हक्क होता. औषध परवडत नाही ही माहितीसुद्धा डॉक्टरांच्या दृष्टीने रक्तदाबाच्या आकड्याइतकीच कामाची आहे, कारण न परवडणारं औषध पोटात जातच नाही.

आमच्या फिजिशियनांनी मूळ हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. बिल एवढं होतं याची त्यांना कल्पना नव्हती. चिठ्ठी लिहिताना समोर औषधाचं नाव असतं, किंमत नसते. त्या फोनवर दोघांनी मिळून आबांची सगळी यादी पुन्हा पाहिली.

टिकाग्रेलोरबद्दल हृदयरोगतज्ज्ञ ठाम होते. तिच्याऐवजी स्वस्त क्लोपिडोग्रेल देता येते, पण स्टेंट ताजा आहे आणि झटका मोठा होता, म्हणून निदान काही महिने औषध बदलायचं नाही. कंपनी बदलली तर त्यांची हरकत नव्हती. सॅक्युबिट्रिलचंही तसंच. अगदीच परवडली नाही तर एनालाप्रिलसारखी जुनी, स्वस्त गोळी हा मान्य पर्याय आहे, पण तो बदल डॉक्टरांनी अंतर राखून करायचा. आधी दुसऱ्या कंपनीची मिळते का पाहू, असं ठरलं. प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन आणि कोएन्झाइम बंद. त्यांची आबांना गरजच नव्हती. पंधराशे रुपये त्या एका वाक्यात कमी झाले.

चिठ्ठी नव्याने लिहून घेतली

आता एक मुद्दा जो फार थोड्या कुटुंबांना माहीत असतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एखादा ब्रँड लिहिला असेल तर त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी मेडिकलवाला स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधला नियम ६५ त्याला तशी मुभा देत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी बहुतेक औषधं या नियमात येतात. त्यामुळे मेडिकलमध्ये घासाघीस करण्यापेक्षा चिठ्ठीच औषधाच्या मूळ नावाने लिहून घेणं हा खरा उपाय आहे. फिजिशियनांनी तशी नवी चिठ्ठी दिली: ठळक अक्षरांत घटकाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा.

सॅक्युबिट्रिलच्या मिलिग्रॅमचा गोंधळ इथे सांगायलाच हवा. काही पाकिटांवर ५० लिहिलेलं असतं, काहींवर २४/२६. दोन्ही एकच. १०० म्हणजे ४९/५१. कंपनी बदलली की हा आकडा वेगळा दिसतो आणि घरच्यांची झोप उडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकून दुप्पट डोस घरी येतो. आम्ही चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घेतले.

या तीन महागड्या गोळ्या आता दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्तात मिळतात, याचं कारण पेटंट संपणं. सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचं मूळ पेटंट भारतात २०२३ च्या सुरुवातीला संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. टिकाग्रेलोर त्याआधीच मोकळी झाली होती. पेटंट संपलं की अनेक भारतीय कंपन्या तीच गोळी काढतात आणि दर झपाट्याने पडतो. म्हणजे आबांना झटका आला त्याच्या दोनेक महिने आधीच बाजारात एम्पाग्लिफ्लोझिनचे स्वस्त पर्याय येऊ लागले होते, पण चिठ्ठीवर जुनाच ब्रँड होता. यात कुणाची लबाडी शोधायची गरज नाही. सवयीने लिहिलं जातं, सवयीने दिलं जातं, आणि रुग्ण भरत राहतो.

जुनी, पेटंटबाहेरची औषधं जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात) घेतली: ॲस्पिरिन, अटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची आणि पित्ताची गोळी. या सहांचे मिळून महिन्याला अडीचशेच्या आसपास. मोठ्या तीन गोळ्या सांगलीतल्या एका नेहमीच्या मेडिकलमध्ये, भारतीय कंपन्यांच्या, साधारण तेवीसशेला. एकूण अडीच हजार. ९,८०० वरून अडीच हजार, आणि एकही आवश्यक औषध कमी न करता.

आबांची शंका होती, "एवढी स्वस्त गोळी लागू पडंल का?" अशी शंका शिकलेल्या माणसांनाही असते आणि तिला रागावून उत्तर देऊ नये. जनऔषधीची औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-मानकांचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून घेतली जातात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, हे मी त्यांना सांगितलं. त्याहून जास्त पटलं ते पुढच्या महिन्यातल्या तपासणीने. सूज उतरली होती, वजन खाली आलं होतं, रक्तदाब जागेवर होता. मात्र कंपनी बदलण्याचं हे स्वातंत्र्य सगळ्या औषधांना लागू नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, किडनी प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस यांत कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून आणि रक्त तपासूनच बदलावी लागते.

जनऔषधीची अडचण म्हणजे साठा. कधी एखादी गोळी नसते. सुनेच्या मोबाइलमध्ये 'जनऔषधी सुगम' ॲप टाकून दिलं; त्यावर जवळची केंद्रं आणि औषधांचे दर दिसतात. तिला एक सवयही लावून दिली, की पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची खरेदी करायची. शेवटच्या दिवशी गेलं की मिळेल त्या दराने घ्यावं लागतं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) अधूनमधून तपासावं लागतं. त्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयात करायचं ठरवलं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत.

पगाराची चिठ्ठी

अडीच हजारही त्या घराला दर महिन्याला जडच होते. गणपतीत मुलगा गावी आला तेव्हा मी त्याला पगाराची चिठ्ठी घेऊन बोलावलं. कंत्राटी कामगाराच्या घरी मी ती नेहमी मागते. त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होती. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराकडून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला ईएसआय दवाखान्यातून उपचार आणि औषधं मिळतात. अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. मुलगा म्हणाला, "ते कापतात हे म्हाईत हाय, पण त्याचं काय मिळतं ते कुणी सांगितलंच नाही." त्याच्या नोंदीत बायको-मुलांची नावं होती, आबांचं नव्हतं.

नाव घालायला कंत्राटदाराच्या ऑफिसात आधार, रेशनकार्ड, फोटो देऊन पाठपुरावा करावा लागला. कंत्राटदाराच्या माणसाने पहिल्यांदा "वडील चालत नाहीत" असं तोंडावर सांगून परत पाठवलं. मी मुलाला एका कागदावर लिहून दिलं, की अवलंबून असलेले पालक कुटुंबाच्या व्याख्येत आहेत, आणि हा कागद ईएसआयच्या शाखा कार्यालयात दाखव असं सांगितलं. तिथे काम झालं. कुटुंब गावी राहतं म्हणून त्यांच्यासाठी आपल्या भागातला दवाखाना जोडून घेता आला.

तिथून सगळी औषधं मिळतात असं नाही. जुन्या गोळ्या बहुधा मिळतात, टिकाग्रेलोर कधी मिळते कधी नाही, सॅक्युबिट्रिलसाठी तज्ज्ञांची शिफारस आणावी लागली. तिथे रांगेत सुनेचा अर्धा दिवस जातो, म्हणजे त्या दिवसाचं शिवणकाम बुडतं. हा हिशेबही आम्ही मांडला. ज्या महिन्यात फक्त अडीचशेच्या गोळ्या मिळणार असतील त्या महिन्यात जाऊ नये, महागाच्या मिळणार असतील तेव्हा जावं. आधी फोन करून विचारायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, त्यानेही बिल थोडं हलकं झालं. आता सरासरी महिन्याला हजार-बाराशे खिशातून जातात.

आजची स्थिती

आबा दोन्ही वेळच्या गोळ्या घेतात. रात्रीच्या गोळ्या आता नात देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. आजोबांना त्यात गंमत वाटते. रोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं ठरलं आहे; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न पाहता फोन करायचा. ताज्या इकोमध्ये पंप करण्याची ताकद अडतीस टक्के आली. सुनेची थायरॉइडची गोळी पुन्हा चालू आहे. बचत गटाचे हप्ते फिटत आले. फुलं आणि साखळी अजून बँकेतच आहेत.

पुढचे दोन प्रश्न तिने स्वतः वहीत लिहून ठेवले आहेत. पहिला हृदयरोगतज्ज्ञांसाठी: मे २०२६ मध्ये स्टेंटला वर्ष होईल, तेव्हा टिकाग्रेलोर बंद होईल का, आणि झाली तर तिच्या जागी काही घ्यायचं का? दुसरा नवऱ्यासाठी: पगार वाढून एकवीस हजारांच्या वर गेला तर ईएसआयचं संरक्षण काही काळाने संपून आबांची औषधं तिथून थांबतील, तेव्हा वाढलेल्या पगारातून किती रक्कम औषधाची म्हणून बाजूला काढायची? त्यासाठी तिने आत्तापासूनच महिन्याला पाचशे रुपये पोस्टात टाकायला सुरुवात केली आहे.